मोजमापाच्या आधींचा निवाडा



शिक्षणाची एखादी योजना सफल झाली कीं फसली, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा आंकडे पुढें येतात. किती मुलें पटावर आलीं, किती वाचूं लागलीं, किती उत्तीर्ण झालीं. हे आंकडे खरेच असतात असें आपण धरून चालूं. परंतु अमुक गोष्ट मोजावी व तमुक मोजूं नये, हें कोणीं ठरविलें? ठरवितांना त्यानें एका गोष्टीला मोल दिलें, दुसरीला दिलें नाहीं. म्हणजे गज हातांत घेण्यापूर्वींच अर्धा निवाडा होऊन गेलेला असतो. या अर्ध्या निवाड्याविषयीं आज कांहीं सांगावयाचें आहे.

आमच्या माजरीहून उत्तरेकडे जाणारी गाडी वरोरा व हिंगणघाट मागें टाकून सेवाग्रामला पोंचते. तेथून जवळच, वर्धा शहरीं, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली होती. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, एखाद्या उत्पादक उद्योगाभोंवतीं गुंफलेला सारा अभ्यास, आणि त्या उद्योगांतून हळूहळू शिक्षकाचें वेतन निघावें ही अपेक्षा, असे तिचे चार ठराव होते. लगेच डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें डिसेंबरांत अहवाल दिला. रोजच्या साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें मूळ उद्योगाला आणि मातृभाषेला चाळीस मिनिटें, अशी ती वांटणी होती. नुसत्या वेळापत्रकावरूनही योजनेनें कशाला मोल दिलें तें उघड दिसतें. स्वावलंबनाच्या अपेक्षेमागेंही केवळ काटकसर नव्हती. मुलांच्या शाळा दारूच्या अबकारी उत्पन्नावर चालाव्या, हें गांधीजींना असह्य होतें. जमाखर्चाच्या वहींतसुद्धां नीति असते ती अशी.

पण योजनेची परीक्षा घ्यावयाची कशी? सूत मोजतां येतें. गुंडी भरली कीं नाहीं हें पोरालाही कळतें. शेजारच्या मुलाची तुटलेली तार जोडून देण्यासाठीं जो आपली टकळी क्षणभर खालीं ठेवतो, त्याची गुंडी मात्र त्या दिवशीं थोडी उणीच भरते. सहकार हें योजनेचें एक मूल्य आणि सूत हें तिचें माप. मापानें मूल्यालाच दंड करावा असा हा प्रकार! परिषदेंतच प्रा. के. टी. शहा यांनीं स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला होता. मुलांनीं केलेला माल कारागिरांच्या मालाशीं स्पर्धा करील, हें त्यांचें एक म्हणणें. समितीच्याही ध्यानांत हा धोका आला होता. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूंचा बळी जाऊं नये, असा इशारा अहवालांतच आहे. तरीही माझ्या मतें दोष चरख्याचा नव्हता. जें सहज मोजतां येतें त्यालाच मोठेपण देण्याची खोड आपणां सर्वांना आहे, आणि ती परीक्षेच्या गुणांच्या बाबतींतही तितकीच खरी आहे.

उलट न मोजतां येणारें मोजावयास गेलें तर काय होतें, तेंही आपण पाहिलें. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें, प्रत्येक मुलाच्या स्वभावाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि बाजारांत तयार नोंदींचीं पुस्तकेंही आलीं! ‘इतरांशीं सहकार्यानें वागतो’ हें वाक्य किती मुलांच्या नांवापुढें उतरलें असेल, देव जाणे.

आतां जवळचेंच उदाहरण घेतों. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मोहगांव येथें ग्रामसभेनें २०१९ मध्यें गोंडी माध्यमाची शाळा काढली. शाळेला मान्यता नव्हती. शिक्षणखात्यानें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या आधारें ती अनधिकृत ठरविली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें. न्यायालयीन बाजू विधिज्ञांनीं पाहावी. मला त्यांतील माप दिसतें. त्या कायद्याच्या परिशिष्टांत शिक्षकांची संख्या, इमारत, स्वच्छतागृह, ग्रंथालय, क्रीडांगण, कुंपण हीं सारीं आहेत. हीं मापें तुच्छ नव्हेत. गरिबाचें मूल म्हणून त्याला गळक्या छपराखालीं बसवूं नये, हेंच मूल्य त्यांच्या पोटीं आहे. परंतु त्याच कायद्याचें एकोणतिसावें कलम सांगतें कीं शक्य तितपत शिक्षण मातृभाषेंत द्यावें. परिशिष्टाच्या रकान्यांत मातृभाषेचें माध्यम नाहीं. कुंपण मोजतां येतें, म्हणून तें तेथें आहे.

मोहगांवकडच्या एखाद्या मुलापुढें मराठी उतारा ठेवला व तें अडखळलें, तर तें वाचनांत अडलें कीं भाषेंत? आंकडा दोन्हींचा एकच पडतो.

येथें एक आक्षेप निघेल व तो पोकळ नाहीं. तालुक्याची कचेरी, न्यायालय, दवाखाना, पोलिसांतील भरती, सर्वत्र मराठी लागते. केवळ गोंडींत शिकलेलें मूल उद्यां रानांतच अडकून पडलें तर त्याची जबाबदारी कोण घेणार? ज्या आईबापांना ही धास्ती वाटते त्यांचेंही एक मूल्य आहे, आणि तें ग्रामसभेच्या मूल्याहून हलकें नाहीं. म्हणूनच हा निवाडा केवळ खात्यानें करूं नये असें मला वाटतें. शाळेनें कशाला मोल द्यावें हें प्रथम गांवाबरोबर बसून बोलावें, तें लिहून ठेवावें, आणि मग मापें ठरवावीं. तोंवर निदान एवढें व्हावें: तपासणीस जाणाऱ्या मंडळींत गोंडी जाणणारा एक मनुष्य असावा, आणि मुलाला पहिला प्रश्न त्याच्या भाषेंत विचारला जावा. मुलानें जें उत्तर दिलें तें तपासनिसानें मराठींत उतरवून घ्यावें. तेवढे श्रम त्यानें सोसावेत.