पेट्रोलची वाफ, परत टाकीत



मंचरला किंवा नारायणगावला पंपावर थांबलात,
की पेट्रोलचा वास येतो ना?
तो वास म्हणजे हवेत उडून चाललेलं पेट्रोल.

पुण्याजवळ लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत.
तिथे टँकर भरतात.
पेट्रोल आत येतं,
तशी आतली वाफ बाहेर ढकलली जाते.

पंपावरही तेच.
जमिनीखालची टाकी भरते,
आणि तिच्यातली वाफ वर येते.

या वाफेत बेंझीन असतं.
बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.
शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड.
ती जमिनीलगत साचते, ठिणगी पडली की पेटते.

उपाय आहे, श्रोतेहो.
टँकर रिकामा करताना दोन नळ्या जोडायच्या.
एकीतून पेट्रोल खाली उतरतं.
दुसरीतून वाफ टँकरमध्ये परत येते.
डेपोत ती थंड करून तिचं पुन्हा पेट्रोल करता येतं.
वाफ हवेत नाही, परत टाकीत!

2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने
जास्त खपाच्या नव्या पंपांना वाफ पकडणारी यंत्रणा बसवायला सांगितलं.
मला वाटतं, लहान पंपांनाही ती हवी.
दिवसभर नोझल धरून उभी राहणारी पोरं तिथेही आहेत.

आणि आपण?
नोझल आपोआप थांबलं,
की आणखी पेट्रोल भरायचा आग्रह धरू नका.