जुन्या घराची लाकडी जमीन



या व्यासपीठावरून विद्वानांनी मोठमोठे विषय मांडले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा विषय आपल्या पायांखालचा आहे.

गिरगावातल्या जुन्या चाळी घ्या की पुण्यातले वाडे घ्या. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, ही तिथली जमीन. दुरुस्ती निघाली की या फळ्या पहारीने उपटून जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. वास्तविक तो पक्का साग नीट उचलला तर पुन्हा त्याच जागी बसतो.

पण उचलणे हे हमालीचे काम नव्हे. जाणता सुतार भिंतीकडच्या फळीपासून सुरुवात करतो. पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवून, प्रत्येक कडीजवळ थोडी थोडी उचल घेतो. घाई झाली की फळीची कड फुटते. प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूने आकडा घालतो, कारण तिची जागा तिलाच नेमकी बसते. सगळी जमीन एकदम उघडीत नाही. उघड्या कड्यांमध्ये पाय गेला तर माणूस खालच्या बिऱ्हाडात पडेल. मग कड्यांची टोके ठोकून पाहतो. मोरीशेजारी आणि ओल्या भिंतीत शिरलेली टोके आधी कुजतात. ती दुरुस्त केल्यावाचून वर फळी ठोकणे म्हणजे रोग झाकणे होय. बसवताना ऋतूही पाहावा लागतो. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते. वैशाखात फळ्या घट्ट दाबून बसवल्या तर श्रावणात त्या उचलतात.

आता हिशेब पाहा. एवढ्या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मजुरी. काम चौरस फुटाच्या दराने उक्ते दिले की सुताराला घाई करावीच लागते. आकडे घालण्याचा वेळ त्याच्या पोटातून जातो. फुटलेली फळी पाहून आपण कारागिराला नावे ठेवतो, पण ती फळी आपण ठरवलेल्या दराने फोडलेली असते.

दुसरी गोष्ट नोंदीची. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याण मंडळांची तरतूद झाली. नोंदणीला मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेले असावे, अशी अट त्यात घातली गेली. मोठ्या इमारतीवरच्या कामगाराला ठेकेदार तरी असतो. आमचा सुतार इथे चार दिवस, तिथे सहा दिवस. त्याचे नव्वद दिवस कोण मोजणार? घाम गाळूनही कागदावर तो बेकारच.

म्हणून आमची मागणी लहान आहे. घरचे काम निघाले तर ते रोजावर द्या, आणि संपल्यावर किती दिवस काम केले ते तारखांसह लिहून, सही करून हातात द्या. फळ्यांवर आपण आकडे घालून घेतोच; माणसाच्या दिवसांनाही आकडा द्यावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.