दप्तर जपताना
(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या प्रवेश-नोंदवह्या हे आपल्या शाळेचे खरे धन. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या जन्मतारखेचा आणि मातृभाषेचा लेखी पुरावा त्यांतच सापडतो. या वह्यांची छायाचित्रे ‘क्लाउड’वर ठेवण्याचे व्यवस्थापन मंडळाने योजले आहे. ती तेथे टिकतील का, ही आपली शंका रास्त आहे.

क्लाउड म्हणजे दूरच्या इमारतीतील भाड्याचा संगणक. अ‍ॅमेझॉनने २००६ साली ही सेवा सुरू केली, तेव्हा संगणक सोडून दिला की त्याच्या डिस्कवरील मजकूरही नाहीसा होई. ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ने डिस्क संगणकापासून वेगळी केली. वर्ग बदलला तरी वही विद्यार्थ्यापाशीच राहते, तसेच हे. मजकूर लहान ठोकळ्यांत साठवला जातो आणि त्याच्या प्रती एकाच परिसरातील अनेक यंत्रांवर राहतात.

तरीही निर्धास्त राहता येत नाही. कंपनीच्याच हिशेबाने साध्या प्रकारच्या हजार डिस्कांपैकी एक-दोन वर्षाकाठी निकामी होऊ शकतात. शिवाय आपल्याच हातून एखादी नोंद पुसली गेली, तर ती सर्व प्रतींतून पुसली जाते. टिकाऊ डिस्क यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नव्हे. त्यासाठी ‘स्नॅपशॉट’ हवा, म्हणजे त्या क्षणाची स्वतंत्र प्रत. पहिल्या प्रतीनंतर केवळ बदललेले ठोकळेच साठवावे लागत असल्याने खर्चही आटोक्यात राहतो. मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून अशी केंद्रे आहेत. एकीकडची प्रत दुसरीकडेही ठेवता येते.

मात्र भाडे थकले किंवा परवलीचा शब्द एकाच निवृत्त शिक्षकापाशी राहिला, तर उत्तमोत्तम यंत्रणाही व्यर्थ ठरते. म्हणून माझी तीन मागणी आहेत. माजी विद्यार्थ्यांनी भाड्यासाठी कायम निधी उभारावा. खात्याची जबाबदारी किमान तिघांकडे असावी. आणि दरवर्षी एकदा स्नॅपशॉटवरून नोंदवही उघडून, ती वाचता येते की नाही, हे पडताळावे. न पडताळलेली प्रत ही केवळ आशा असते.

मूळ वह्या कपाटातच राहतील. पालकांनी मुलांना घेऊन यावे, त्यांतील जुनी हस्ताक्षरे वाचावीत आणि टंकलिखित करावीत. ते अक्षर वाचणारी पिढी घडली, तरच हे दप्तर खऱ्या अर्थाने जपले जाईल.