घरी जुळवलेली मोटार



आज आपण मोटारीविषयी बोलू. मोटार चालवायची कशी, ते नव्हे. मोटार घरी जुळवतात कशी, ते. कोणी म्हणेल, गुरुजींना म्हातारपणी हे काय सुचलं? त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

बैलगाडी कशी होते ते तुम्हांला ठाऊक आहे. सुतार चाक करतो. लोहार त्यावर धाव चढवतो. एकेक भाग जुळतो, तेव्हा गाडी उभी राहते. मोटारही भागांचीच असते. ते भाग कारखान्यात जुळवतात. पण इंग्लंडात कित्येक माणसं ते काम आपल्या घरी करतात. सुट्या भागांचा संच विकत आणायचा आणि आपल्या हातांनी मोटार उभी करायची. अशा मोटारीला तिकडे ‘किट कार’ म्हणतात. किट म्हणजे संच.

कॉलिन चॅपमन नावाचा एक इंग्रज तरुण होता. त्याने १९४८ साली एक जुनी ऑस्टिन मोटार घेतली आणि तिच्यावरून आपली पहिली मोटार बनवली. पुढे त्याने लोटस नावाची कंपनी काढली. १९५७ साली त्या कंपनीने ‘लोटस सेव्हन’ ही मोटार आणली. दोन माणसांची, अगदी साधी. वजन सुमारे ५०० किलो.

त्या काळी तिकडे तयार मोटारीवर मोठा कर होता. सुटे भाग घेतले तर तो कर पडत नसे. म्हणून लोक संच घेत. पण सरकारची एक अट होती. संचाबरोबर जुळवण्याची माहिती छापून द्यायची नाही. मग चॅपमनने काय केलं? मोटार सोडवायची कशी, याची माहिती दिली, असं सांगतात! घेणाऱ्याने ती शेवटून सुरुवातीकडे वाचायची. ज्याला वाचता येई, त्याचं काम होई.

१९७३ साली तो जुना कर गेला. त्याच साली ही मोटार बनवण्याचा हक्क कॅटरहॅम नावाच्या कंपनीकडे आला. ती कंपनी आजही असे संच विकते. १९९६ साली रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं. अवघ्या २५० पौंडांत अशी मोटार घरी कशी बनवावी, ते त्यात सांगितलं. ते वाचून पुष्कळांनी जुन्या फोर्ड मोटारीचे भाग काढले, चौकोनी लोखंडी नळ्या जोडून सांगाडा केला आणि आपली मोटार उभी केली.

आता काम कसं चालतं ते पाहू. आधी सांगाडा. मग पुढची-मागची चाकं धरणारे भाग. मग इंजिन आणि गिअरबॉक्स. मग तारा, दिवे, पत्रा आणि बसायच्या जागा. कोणता नट किती आवळायचा, हे लिहिलेलं असतं. चाकाचे नट ओळीने आवळत नाहीत, समोरासमोरचे आवळतात. नाहीतर चाक वाकडं बसतं.

सर्वांत जपायचा भाग म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या नळीत तेल असतं. आपण पायाने दाबलं की तेल चाकाजवळचा ब्रेक दाबतं. पण नळीत हवा राहिली तर? सायकलचा पंप घ्या. तोंडावर बोट ठेवा आणि दांडा दाबा. आतली हवा दबते. तेल तसं दबत नाही. नळीत हवा असली की आपला जोर हवा दाबण्यातच जातो. चाक थांबत नाही. म्हणून दोघांनी मिळून ब्रेकची हवा काढायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू थोडा सोडायचा. तेलाबरोबर बुडबुडे येतात. पेडल सोडण्यापूर्वी स्क्रू आवळायचा. बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा हेच करायचं.

एवढं करूनही मोटार लगेच रस्त्यावर नेता येत नाही. १९९८ सालापासून इंग्लंडात घरी जुळवलेल्या मोटारींची सरकारी तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे, सारं पाहतात. अंगाला लागेल अशी पत्र्याची धारसुद्धा चालत नाही.

आता आमचं कारण सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी वेल्डिंगचं काम करी. चौथीत शाळा सुटली आणि पुढे वाचणंही सुटलं. पण हात सोन्याचे. त्याने पंपाचं इंजिन आणि जुन्या जीपचे भाग घेऊन एक छोटी गाडी केली. पंधरा ऑगस्टला आम्ही त्याला हार घातला. तेव्हा त्याने विचारलं, “गुरुजी, हिला कागद काय लागतात?” आम्ही हसून म्हणालो, “अरे, गावातल्या गावात कोण विचारतो?”

महिन्याने बाजाराच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी ओढ्यात गेली. शेजारी बसलेल्या पुतण्याचा हात मोडला. जाणत्या मिस्त्रीने पाहिलं, तर ब्रेकच्या नळीत हवा होती. पोलिसांनी कागद मागितले. कागद कुठले असणार? अखेर गाडी भंगाराच्या भावाने गेली. त्याने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच ते मनाला जास्त लागतं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात स्पष्ट आहे. नोंदणीवाचून मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नव्या बनावटीचा नमुना आधी मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक संस्था आपल्या पुण्यात १९६६ पासून आहे. हे आम्हांला वाचता येत होतं. आम्ही वाचलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने आमच्यावर विसंबून काम केलं.

मंडळी, आता तुम्हांला वाचता येतं. मोटार असो, पंप असो, की फवारणीचं औषध असो, त्याचा कागद फेकू नका. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अडलं तर विचारा. पण विचारलं तरी एकदा स्वतः वाचून पाहा. सांगणारा गुरुजी असला तरी!