सर्वांना आमंत्रण

सूचनाफलक ही सरकारी नोकराच्या नित्य सहवासातली वस्तू आहे. बंगळूरच्या कोरमंगला भागात केंद्रीय सदन नावाची इमारत असून तीत केंद्र सरकारच्या अनेक कचेऱ्या आहेत. अशा कोणत्याही कचेरीतला फलक पाहावा. बदल्यांचे हुकूम, रजेचे नियम, निविदांच्या मुदती आणि निवृत्त होणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या निरोप-समारंभाची वेळ, एवढे त्यावर हमखास आढळते. ज्याचे नाव त्यात असेल त्याने ते वाचावे आणि इतरांनी पुढे चालू लागावे, अशी त्या मजकुराची जातच असते. आज मी आपणांशी बोलणार आहे ते मात्र एका निराळ्या फलकाविषयी. हा फलक विद्यापीठातील जीवशास्त्र विभागाचा होय. त्यावरील सूचनांच्या शेवटी बहुधा ‘सर्वांना आमंत्रण’ अशा अर्थाची एक ओळ असते. ती ओळ मला नेहमीच विचार करावयास लावते. या आमंत्रणातले ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण?

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. जमशेटजी टाटांचे दान आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेली जमीन यांतून १९०९ साली ती उभी राहिली. कोरमंगला शहराच्या आग्नेयेस, तर ही संस्था शहराच्या वायव्येस. मधली बारा-तेरा किलोमीटरची वाट बंगळूरच्या रहदारीत कधीकधी एखाद्या लहानशा प्रवासाइतकी वाटते. गावातली जुनी माणसे तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखतात. १९५८ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिच्या जीवशास्त्रीय शाखांपैकी जीवरसायन विभाग १९२१ सालचा, तर परिस्थितिविज्ञानाचे केंद्र १९८३ सालचे. या दुसऱ्या केंद्राच्या उभारणीत पुण्याचे माधव गाडगीळ यांचा पुढाकार होता, हे मराठी श्रोत्यांना ठाऊक असेलच.

अशा विभागांच्या फलकांवरील वार्ता स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार पाहुण्या विद्वानाच्या व्याख्यानाचा. दुसरा पीएच.डी.च्या उमेदवाराच्या तोंडी परीक्षेचा. तोंडी परीक्षा म्हटली की बंद दार, आतले तीन परीक्षक आणि बाहेर घाम पुशीत बसलेला विद्यार्थी असे चित्र आपल्या मनात उभे राहते. येथे मात्र तो विद्यार्थी पाच-सहा वर्षांचे आपले काम भर सभेत मांडतो, आणि सभेत बसलेल्या कोणालाही त्याला प्रश्न विचारता येतो. तिसरा प्रकार वार्षिक मुक्तदिनाचा. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी केव्हातरी एक दिवस सगळ्या प्रयोगशाळा लोकांसाठी उघडल्या जातात, आणि आईबापांचा हात धरून आलेली मुले सूक्ष्मदर्शकापुढे रांगा लावतात.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे ठीक आहे. पण पेशींच्या आणि कीटकांच्या या गोष्टींशी संसारी माणसाचे काय देणेघेणे? याचे उत्तर शोधावयास फार लांब जाण्याचे कारण नाही. ते कोरमंगल्याच्या नाल्यातून वाहत आहे.

कोरमंगला हे मूळचे खेडे. बंगळूरच्या उंचसखल जमिनीवर जुन्या लोकांनी तळ्यांच्या माळा गुंफल्या होत्या. एक तळे भरले की त्याचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात जाई. शहर वाढले, तळी बुजली आणि कालव्यांची गटारे झाली. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्याचे पाणी आजही उताराने बेळ्ळंदूरच्या मोठ्या तलावाकडेच जाते. फरक एवढाच, की पावसाच्या पाण्याबरोबर आता घराघरांतले सांडपाणीही जाते. २०१५ च्या सुमारास या तलावावर पांढऱ्या फेसाचे डोंगर साचले आणि वाऱ्याबरोबर तो फेस रस्त्यावरून उडू लागला. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१८ च्या जानेवारीत तलावाच्या परिसरात आग लागली. पाण्याला आग लागली, असे वृत्तपत्रांनी छापले, आणि सारा देश आश्चर्याने बेळ्ळंदूरकडे पाहू लागला.

विज्ञान संस्थेतील परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकांना यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नव्हते. त्यांच्यापैकी काहीजण वर्षानुवर्षे शहरातल्या तळ्यांचे पाणी तपासून त्यावर अहवाल लिहीत आले होते. कपडे धुण्याच्या चुऱ्यातील फेसकारी द्रव्ये पाण्यात साचतात. त्यातील फॉस्फेट आणि मैल्यातील नत्र यांवर जलपर्णी माजते. ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळाशी ज्वालाग्राही वायू तयार होतात. ही कार्यकारणाची साखळी त्यांनी मांडलेली होती. याच केंद्राच्या विद्यमाने १९९८ पासून तलावांविषयीचे एक संमेलन एक वर्षाआड भरत आले. त्या संमेलनाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथे प्राध्यापकांच्या बरोबरीने शाळेतली मुलेही आपापल्या गावच्या तळ्याची पाहणी करून त्यावर निबंध वाचतात. ज्या संमेलनाची सूचना फलकावर लागते, ते आपल्या न्हाणीघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयीच बोलत असते. मग तेथे आपले काही देणेघेणे नाही असे कसे म्हणावे?

आता ‘सर्व’ या शब्दाकडे वळतो. या शब्दात कोणाकोणाला जागा आहे, हे या संस्थेत एकदा फार कसोशीने ठरवावे लागले होते. ते घडवून आणले एका मराठी मुलीने.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी जीवरसायनशास्त्राच्या संशोधनासाठी या संस्थेकडे अर्ज केला. आपल्या थोर लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा घराण्याच्या दृष्टीने ही संस्था परकी नव्हती. तरीही अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते, आणि स्त्रियांना संशोधनासाठी घ्यावयाचे नाही असे त्यांचे मत होते. कमलाबाई बंगळुरास आल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि कारण लेखी द्या, असा त्यांनी आग्रह धरला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, काम पसंत पडल्यासच ते अधिकृत मानले जाईल, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! या शेवटच्या अटीतील अपमान त्यांनी जन्मभर विसरला नाही.

त्यांनी तेथे काय केले? श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशात गरिबाच्या ताटात डाळ हाच पौष्टिक आहाराचा आधार, त्या देशातल्या प्रयोगशाळेला याहून जवळचा विषय कोणता असणार? वर्ष सरले. काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत श्वसनाच्या क्रियेस आवश्यक असे सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावरील संशोधनातून दाखवून दिले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांवर काम केले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकपदीही बसल्या. आज बंगळूरच्या त्या फलकांवर प्रबंध मांडणाऱ्या मुलींची नावे वाचताना कोणाला नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे फुकट मिळालेले नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

नियमाने बंद केलेले दार असे उघडले. परंतु संकोचाने बंद राहणारे दारही असते, आणि ते आपण स्वतःच लावून घेतलेले असते. त्याविषयीही एक गोष्ट कोरमंगल्याच्या शेजारीच घडलेली आहे. होसूर रस्त्यालगत आडुगोडी येथे दुग्धव्यवसायाची एक सरकारी संस्था १९२३ पासून आहे. आज ती राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचे दक्षिणेकडील केंद्र म्हणून ओळखली जाते. १९२७ साली महात्मा गांधी प्रकृतीच्या कारणाने बंगळूरला राहिले असता या संस्थेत गेले, गोपालनाची शास्त्रीय माहिती त्यांनी आस्थेने करून घेतली, आणि तेथील वहीत ‘साबरमतीचा शेतकरी’ अशी आपली ओळख नोंदविली. प्रयोगशाळेच्या दारात जाण्यासाठी पदवी लागत नाही, कामाची निकड लागते, हे त्या दोन शब्दांत आले आहे.

तिसरे दार भाषेचे, आणि ते अद्याप अर्धेच उघडे आहे. फलकावरील सूचना इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत, प्रबंधही इंग्रजीत. याची कारणे मी जाणतो. देशाच्या चारही कोपऱ्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एका भाषेत बोलणे भागच आहे. परंतु जीवशास्त्राचे द्रव्य मुळात लोकांच्या भाषेत आहे. या संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यभर ज्या कीटकाचा अभ्यास केला, तो म्हणजे आपल्या खिडकीच्या चौकटीला कागदासारखे पोळे लटकवणारी गांधीलमाशी. तिच्या पोळ्यातील राणी गरीब स्वभावाची असते. ती नाहीशी झाली की कामकरी माश्यांपैकी एकच माशी एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांत राणीची जागा घेते, असे त्यांना आढळले. ही वार्ता मराठीत सांगितली तर कोकणातल्या कोणत्याही आजीबाईला समजेल, आणि कदाचित ती आपल्या वळचणीच्या पोळ्याविषयी शास्त्रज्ञाला ठाऊक नसलेले काही सांगेलही.

ही केवळ कल्पना नाही. कायद्याने ती मान्य केली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने एक समिती नेमावी आणि गावातली झाडे, प्राणी, पिकांची वाणे व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही गावकऱ्यांच्या साहाय्याने तयार करावी, असे ठरले. या नोंदवहीच्या कल्पनेमागे गाडगीळांचे परिश्रम होते. प्रशासनात काम करणारा मनुष्य म्हणून मी एवढेच म्हणेन, की अशी वही कचेरीत बसून भरता येते आणि रानात हिंडूनही भरता येते. दोन्ही वह्यांची पाने सारखीच दिसतात, पण उपयोगी एकच असते.

तेव्हा श्रोतेहो, माझे सांगणे साधे आहे. आपण नागपूरला असा, कोल्हापूरला असा, बेळगावला असा वा पणजीला. आपल्या जवळच्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा वा वनस्पतिशास्त्राचा विभाग असेलच. त्याच्या फलकावर पुढील महिन्यात काय आहे, याची चौकशी करावी. व्याख्यानातले निम्मे कळले नाही तरी बिघडत नाही. उरलेल्या निम्म्यावर एक प्रश्न विचारावा, आणि तो मराठीत विचारावा. विभागातील अध्यापकांनाही विनंती आहे. आपल्या सूचनेखाली चार ओळी मराठीत लिहाव्यात आणि ती सूचना गावातल्या वाचनालयात व भाजीबाजारातही लावावी. जे ज्ञान लोकांच्या करातून निर्माण होते, ते लोकांच्या नजरेस पडण्याची तजवीज करणे हा त्या कामाचाच भाग आहे.

‘सर्वांना आमंत्रण’ ही ओळ लिहिणाऱ्याने ती मनापासून लिहिली आहे की नाही, हे ओळखण्याचा उपाय एकच. एखाद्या दुपारी चार वाजता आपण जाऊन मागच्या बाकावर बसावे.