द्राक्षबागेच्या वह्या



फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेला आल्सास म्हणून एक प्रांत आहे. तेथील रिकव्हीर या गांवीं ह्यूगेल नांवाचें घराणें १६३९ सालापासून द्राक्षांचे मळे राखून त्यांची वाइन करीत आलें आहे. त्या सालीं आपल्याकडे शिवाजीमहाराज अवघे नऊ वर्षांचे होते, एवढें सांगितलें म्हणजे काळाची कल्पना येईल. या घराण्याच्या तळघरांत १७१५ सालचें एक लांकडी पिंप आहे. तें शोभेसाठीं ठेवलेलें नाहीं, आजहि त्यांत वाइन भरतात. १८७१ पासून १९४५ पर्यंतच्या पाऊणशें वर्षांत त्या प्रांतावरील राज्य जर्मनी व फ्रान्स यांच्यामध्यें चार वेळां पालटलें. मळा मात्र त्याच कुटुंबाकडे राहिला.

हें वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून होता. द्राक्षें तर आमच्या खानापूर तालुक्यांतहि होतात. मग आमच्याकडे असें एखादें घर कां नसावें? मद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद मी येथें काढीत नाहीं. एकाच घरानें एकच पीक पिढ्यान् पिढ्या कसें सांभाळावें, एवढेंच माझें कुतूहल. म्हणून गेल्या फाल्गुनांत विट्यास गेलों असतां गांवाबाहेरील एका परिचित कुटुंबाची बाग पाहण्यास गेलों. कुटुंबाचें नांव सांगत नाहीं. त्यांनाहि तें रुचणार नाहीं.

विट्याची माहिती नसलेल्या श्रोत्यांसाठीं दोन शब्द सांगतों. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ त दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० पासून त्यालाच सांगली जिल्हा म्हणतात. पाऊस बेताचा, जमीन बरड. त्यामुळें येथील माणसानें पोटासाठीं दूरदेश धरला आणि गलाईचा धंदा हातीं घेतला. जुनें सोनें-चांदी आटवून शुद्ध करून देणें, सोनाराच्या दुकानांतील केरकचऱ्यांतूनहि धातूचा कण वेगळा काढणें, हें गलाईचें काम. हिंदुस्थानांतील कोणत्याहि मोठ्या शहराच्या सराफ्यांत जा, विट्याकडचा माणूस भेटेल. मी गेलों त्या घरींहि थोरले बंधु कोइमतूरला गलाई करतात आणि धाकटे आबा घरीं बाग करतात. पहिल्या बागेचे तारा, खांब व विहिरीचें खोदकाम कोइमतूरच्या मुशींतून निघालेल्या पैशावर झालें. फ्रेंच मळ्यांची वर्णनें वाचतांना भिंतीवर पूर्वजांचीं तैलचित्रें असल्याचें वाचलें होतें. येथें भिंतीवर थोरल्या बंधूंच्या दुकानाचा छापील पंचांग-तक्ता होता.

आबांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. मांडवाखालीं उभें राहून मीं त्यांना त्या फ्रेंच मळ्याची हकीकत सांगितली. त्यांनीं ती लक्षपूर्वक ऐकली आणि मला उलट विचारलें, "तिकडं बर्फ पडतं न्हवं?"

"पडतें."

"मग तिकडची येल झोपत आसंल. आमच्या येलीला झोप कुठली, पाव्हणं?"

द्राक्षाची वेल ही मूळची थंडीची. हिवाळ्यांत ती पानें टाकते, निजते आणि वसंतांत जागी होते. म्हणून युरोपांत तिची छाटणी वर्षांतून एकदांच होते. आपल्याकडे तिला निजविणारी थंडीच नाहीं. तिला मोकळी सोडली तर ती पानोपानीं वाढत राहील आणि फळ धरावयाचें विसरेल. यावर महाराष्ट्रांतील बागायतदारांची युक्ति दोन छाटण्यांची. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी करून नवी काडी वाढवावयाची व त्या काडीच्या डोळ्यांत पुढील वर्षाचा घड तयार होऊं द्यावयाचा. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून तोच घड बाहेर काढावयाचा. डोळे एकदम फुटावे म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचें औषध बोळ्यानें लावतात. तेथून चार महिन्यांनीं द्राक्ष तयार. एका वर्षांत वेलीला दोन जन्म घ्यावे लागतात म्हटलें तरी चालेल, आणि असें राबविलेलें झाड बारा-पंधरा वर्षांत थकतें. आबांची ती बाग सोळा वर्षांची होती आणि हा हंगाम संपतांच ती काढावयाची, असें ठरलेंहि होतें.

वेलीच्या कुळाची गोष्टहि मोठी मौजेची आहे. आबांच्या बागेंतील जात तास-ए-गणेश. थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या वेलीवर निराळी निघालेली एक फांदी तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं हेरली आणि वाढविली. तासगांवच्या गणपतीवरून तिला नांव मिळालें. परंतु जमिनीखालील मूळ तिचें नव्हे. तें डॉगरिज नांवाच्या अमेरिकन रानवेलीचें. खारट पाणी आणि दुष्काळ सोसतें म्हणून त्यावर आपल्या वेलीचें कलम करतात. यांत आपण कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतून गेलेल्या एका क्षुद्र मूळकिडीनें फ्रान्सचे मळेच्या मळे नष्ट केले, तेव्हां तेथील अभिमानी बागाइतांनाहि अमेरिकन मुळावरच कलमें बांधावीं लागलीं. वेल जुनी असो कीं नवी, मूळ आतां दोन्हीकडे परकेंच!

बागेंतून आम्ही बेदाण्याच्या शेडकडे आलों. पिकलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणांत बुडवून तारेच्या जाळ्यांवर पसरले होते. या द्रावणानें सालीवरील मेणाचा थर सैल पडतो आणि पाणी लवकर उडून जातें. पंधरावीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा सुमारें एक किलो बेदाणा होतो. यास कोरडी हवा हवी. पाऊस आला कीं माल काळा पडला. म्हणजे जी कोरडी हवा बागेला तहानेनें मारते, तीच शेडमध्यें तिचें सोनें करते. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें बहुतांशी या रुक्ष वाऱ्याचें देणें.

मग वाइन कां नाहीं? तो प्रयत्नहि झाला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें आणि शेजारच्या पलूस येथें वाइन पार्क उभा राहिला. आबांनींहि एकरभर वाइनचीं द्राक्षें लावलीं होतीं व पुढें काढून टाकलीं. कारण त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें: "ती द्राक्षं बाजारात कोन खातंय? गिऱ्हाईक येकच, त्यानं न्हाई म्हटलं की संपलं." बेदाणा शीतगृहांत थांबूं शकतो, दर पाहून विकतां येतो. मला हा हिशेब पटला. ज्याचें स्वतःचें तळघर आहे त्यानें वाइन करावी. दुसऱ्याच्या तळघरासाठीं द्राक्षें पिकविणें हा निराळा धंदा आहे.

तळघराचें नांव निघतांच आबा मला घरांत घेऊन गेले. लोखंडी कपाटांत वह्यांची चवड होती. १९८४ पासून दर वर्षाची एक वही. छाटणीची तारीख, औषधें, पाण्याची पाळी, गारपीट, मजुरी, मालाचा दर. अक्षर पुष्कळसें आबांचें. मध्यें कांहीं वर्षें त्यांच्या पत्नीचें, त्या आतां नाहींत. मीं २०१३ ची वही मागितली, कारण त्या दुष्काळाच्या गोष्टी मीं ऐकल्या होत्या. विहीर आटली होती आणि टँकरनें विकतचें पाणी आणून बाग जगविली होती. पानामागून पान नुसत्या उभ्या रेघांनीं भरलेलें होतें. एक टँकर, एक रेघ. खालीं बेरीज नव्हती.

"बेरीज केली नाहीं?" मीं विचारलें.

"केली आस्ती तर त्याच दिवशी बाग काढली आस्ती."

आतां टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी या पठारावर चढविलें आहे, आणि त्या रेघा पुन्हां ओढण्याची पाळी कदाचित् येणार नाहीं. परंतु आतां प्रश्न निराळा आहे. कोइमतूरचे पुतणे आपला वाटा विकावा म्हणतात; त्यांचा जन्म तिकडचा, त्यांना येथील उन्हाची ओढ कोठून असणार? आबांचा मुलगा नवी लागण करूं म्हणतो. नव्या बागेस पहिलें फळ येईपर्यंत नुसता खर्च, आणि तो खर्च आजवर कोइमतूरहून येत असे. दोन्हीकडचें म्हणणें मला खोटें वाटलें नाहीं. आबांनींहि कोणास दोष दिला नाहीं.

निघावयाच्या वेळीं दिवेलागण झाली होती. आबांच्या हाताला आतां कंप असतो, म्हणून सहावींतला नातू वही लिहितो. आबांनीं सांगितलें आणि त्यानें लिहिलें: आज किती क्रेट जाळीवर टाकलीं, वारा कोठला होता, पाहुणे आले होते. लिहून झाल्यावर त्यानें पान उलटलें.

"आबा, वही संपत आली. नवी घेऊन छाटणीची पानं आखून ठेवू का?"

आबांनीं बाहेर मांडवाकडे पाहिलें. मग म्हणाले, "ठेव. पर पेन्सिलीनं आख."