पाटाचं पाणी कोणाच्या शेतात, बँकेचा पैसा कोणाच्या हातात?

(अल अमेरात येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मस्कतहून डोंगर ओलांडून इथे येताना मी दर वेळी रस्त्याकडे बघतो. १९७० साली या सबंध देशात दहाएक किलोमीटर डांबरी रस्ता आणि तीन शाळा होत्या, असं सांगतात. चलन म्हणून तोवर रुपयाही चालत होता. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्या इथे १९७० पर्यंत होत्या. रस्ते, शाळा, बँका एका पिढीत उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या करायला आपल्याकडची माणसंही आली.

पण आजचा विषय ओमान नाही. कालवा आला, बँकेची शाखा उघडली, की आपण म्हणतो विकास झाला. कोणाचा झाला, हे कसं मोजायचं? हे काम पुण्यातल्या एका माणसाने जन्मभर केलं. धनंजयराव गाडगीळ. आपल्यापैकी अनेकांना ते फक्त 'गाडगीळ फॉर्म्युला'मुळे माहीत असतात.

१९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. सुरुवातीचे विषय बघा. १९३३ मध्ये पुण्याचा फळबाजार. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटार-बस वाहतूक (एसटी सुरू झाली १९४८ साली!). मग वाई तालुक्यातली शेती. थोर सिद्धान्त बाजूला ठेवून वही-पेन्सिल घेऊन बाजारात आणि बांधावर जायचं, ही त्यांची रीत. उपयोजित संशोधन हा जड शब्द आपण वापरतो, त्याचा अर्थ एवढाच.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९४८ साली प्रसिद्ध झालेली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी. इथला फलज तुम्ही पाहिला असेल. पाण्याची पाळी वेळेवर ठरलेली, कोणाचा वाटा किती हे गावाला ठाऊक. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतही वाटप गावच सांभाळतं. सरकारी कालव्याचं तसं नव्हतं. सरकारच्या वहीत एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला पाणीपट्टी, आणि वजाबाकी केली की कालवा फायद्यात की तोट्यात ते ठरलं. गाडगीळांच्या पाहणीने विचारलं की कालव्यामुळे शेतकऱ्याचं, मजुराचं, व्यापाऱ्याचं काय झालं? पाणीपट्टीत न दिसणारे अप्रत्यक्ष फायदेही धरा. आज हे साधं वाटतं, पण धरण-रस्त्याचे प्रकल्प मांडताना आपण अजून किती वेळा हा प्रश्न विचारतो?

पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे. याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. पाहणी करणारा प्राध्यापक कारखान्याच्या खुर्चीत जाऊन बसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता बँकेकडे येऊ. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं आणि सव्वा लाखावर कुटुंबं तपासली. गोरवाला अध्यक्ष, गाडगीळ सभासद. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले जवळपास सत्तर सावकाराचे निघाले. सहकारी संस्थांचे तीन रुपये आणि व्यापारी बँकांचा एक रुपयाही पुरता नाही. या अहवालातून १९५५ साली स्टेट बँक उभी राहिली, पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याची जबाबदारी घेऊन. तरी १९६९ मध्ये गाडगीळांच्याच अभ्यासगटाला दिसलं की जवळपास सहा लाख गावांपैकी जेमतेम पाच हजार गावांत बँक आहे. त्यांनी सांगितलं, एकेका क्षेत्राची जबाबदारी वाटून द्या. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये लीड बँक योजना आली.

शाखा उघडल्याने गरिबी हटते का? १९७७ ते १९९० या काळात नियम होता की शहरात एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये त्याचा अभ्यास छापला आणि ग्रामीण गरिबी या शाखांमुळे कमी झाल्याचं दाखवलं. त्याला आक्षेपही आले. थकबाकी प्रचंड होती हेही खरं. तरी नियम १९९० मध्ये गेला, याचं मला वाईट वाटतं.

पण एक गोष्ट या सगळ्या यशाच्या हिशोबात बसत नाही. सहकारी कारखान्याचा सभासद होतो तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा नाही. बीडहून निघणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. उचल म्हणजे कर्जच की! १९५१ चा सावकार गेला असं कोण म्हणेल? सहकाराची रचनाच जमीन असणाऱ्यांची होती, आणि गाडगीळांचं मोठेपण मानूनही ही उणीव सांगितली पाहिजे.

इथेही तेच आहे. अमेरातला बांधकामावरचा एक मुलगा मध्यंतरी मला सांगत होता. एजंटला द्यायला त्याने गावात शेकडा पाच दरमहा दराने पैसे उचलले होते. बँकेत खातं आहे का विचारलं, तर म्हणाला, आहे की, जनधनचं. खातं होतं, कर्ज नव्हतं.

आणि आपण? आपण दर महिन्याला एक्स्चेंजमधून पैसे पाठवतो, ते रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या शाखेत ठेव म्हणून पडतात. त्या शाखेने शंभर रुपये ठेवी घेऊन तिथेच किती कर्ज दिलं, यालाच बँकवाले सीडी रेशो म्हणतात. ग्रामीण आणि निमशहरी शाखांकडून देशपातळीवर साठ टक्क्यांची अपेक्षा आहे. जिल्हा चाळीसच्या खाली गेला तर खास उपसमिती नेमा, असं रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सांगितलं आहे. उरलेला पैसा मोठ्या शहरांकडे जातो. कोकणाने मुंबईच्या मनीऑर्डरवर दिवस काढले. आता कोकणाच्या ठेवींवर मुंबईने काढावेत की काय?

माझी सूचना लहान आहे. जिल्हावार ठेवी आणि कर्जाचे आकडे रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याचा आकडा शोधावा आणि सुट्टीत गावी गेलात की शाखेत जाऊन एवढंच विचारावं की गेल्या वर्षी भूमिहीन कुटुंबांना किती कर्जं दिलीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी लीड बँक म्हणून बँक ऑफ इंडियाकडे विचारावं. इथल्या कामगारांसाठी मी दहा प्रश्न लिहून आणलेत: एजंटचे पैसे कुठून आणले, व्याज किती, फिटले का. कागद चहाच्या टेबलावर आहेत. शुक्रवारी लेबर कॅम्पवर जायला चार जण हवेत. मल्याळी आणि बंगाली बोलणारं कोणी असेल तर आधी नाव द्या.